खैरनारसाहेबांचा हात

रस्त्याने माझ्या नवऱ्याला पहिली श्रेणी दिली, तेव्हा गाडी मी चालवत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मध्येच थांबवून विचारायला नको.

माझं नाव शर्वरी खैरनार. राहणार नाशिक, गंगापूर रोड. नवरा धनंजय खैरनार, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त आणि कॉलनीतल्या क्लबाचे होऊ घातलेले अध्यक्ष. मी त्यांना तोंडावर 'अहो' म्हणते आणि मनात 'साहेब'. साहेबांना गाडी चालवायला आवडत नाही, चालवून घ्यायला आवडते. लग्न झाल्या झाल्या त्यांनीच मला ड्रायव्हिंग शिकायला घातलं. बदल्या धुळे, जळगाव, नंदुरबार. दर शनिवारी नाशिकला यायचं तर चालवणार कोण? तेव्हापासून मी चालवते आणि ते शेजारी बसून बोलतात. "ब्रेक. अगं ब्रेक. तो ट्रक दिसत नाही का? गिअर बदल. कसली एवढी घाई?" जळगाव ते नाशिक हेच. एकटीने गाडी मी कधी नेलीच नाही. भाजी आणायला माझी स्कूटर होती आणि गाडीची किल्ली त्यांच्या खिशात असायची. फ्लॅट त्यांच्या नावावर, गाडी त्यांच्या नावावर, गॅस आणि टोलचं खातंही त्यांच्याच नावावर. आमच्याकडे असंच असतं. मलाही त्यात कधी काही खटकलं नाही, खोटं कशाला बोलू.

आता ही श्रेणी आणि तिचा परवाना काय भानगड आहे ते सांगते. पूर्वी युरोपात जाऊन मोटार चालवायची तर काचेवर एक स्टिकर लावायचा. पुढे तो मोबाइलवर आला. पैसे गाडीचे भरायचे. चालवतं कोण, याच्याशी रस्त्याला काही देणंघेणं नव्हतं. मग तिकडच्या मोठ्या रस्त्यांखाली काचेच्या तारा टाकल्या. केसासारखी बारीक तार, तिच्यातून उजेड सोडलेला असतो. वरून टायर गेला की डांबर किंचित दबतं, तार किंचित ताणली जाते, आतला उजेड किंचित डगमगतो. भेगा आणि खचलेली जागा कळावी म्हणून हे केलं होतं. पण कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या डगमगण्यातून माणूसही ओळखता येतो. आपल्याला वाटतं आपण नाकासमोर चाललोय, पण स्टिअरिंग आपण सारखं केसभर इकडे, केसभर तिकडे करत असतो. कुणी उशिरा सावरतं, कुणी गरजेपेक्षा जास्त सावरतं आणि मग परत उलटं. ब्रेकवर पाय ठेवायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. गाडीचं वजन, टायर, वारा, चालवणाऱ्याचा थकवा, राग, घाई असं सगळं गणितातून वजा केलं की जे उरतं त्याला ते 'हात' म्हणतात. बोटाचा ठसा बदलत नाही तसा हातही बदलत नाही, असं रस्ते मंडळाचं म्हणणं.

हात कळायला लागल्यावर टोल गाडीवरून काढला आणि माणसावर लावला. शांत हात असेल तर पहिली श्रेणी, परवाना स्वस्त, कुठेही जा. धसमुसळा हात असेल तर तिसरी श्रेणी, टोल अव्वाच्या सव्वा आणि डोंगरातले रस्ते बंद. परवाना ज्याच्या हाताचा, त्यानेच चालवायचं. परदेशातून येणाऱ्यांनी आपला हात घरूनच देऊन यायचा. त्यासाठी सिन्नरच्या पुढे माळावर एक केंद्र निघालं होतं. तारा घातलेला गोल रस्ता, डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या, थंडगार वेटिंग रूम आणि कुंपणाबाहेर एजंटांच्या टपऱ्या.

आम्हाला परवाना हवा होता कारण आमची इरा बाळंत होणार होती. इरा ऑस्ट्रियात राहते, ग्राझ शहराच्या पलीकडे, डोंगर ओलांडल्यावर एक खोरं लागतं तिथे. जावई फेलिक्स उत्तरेकडच्या समुद्रात पवनचक्क्यांवर काम करतो, एकदा गेला की महिनाभर तिकडेच. गावात रेल्वे नाही. बस आहे, पण तिने ग्राझला पोचायला अर्धा दिवस जातो. तेव्हा गाडी हवीच आणि गाडी म्हणजे परवाना आलाच.

परवाना अर्थातच साहेबांच्या नावावर काढायचं ठरलं. मी एकदा म्हणाले, "अहो, चालवणार मी आहे."

"तू चालव की. तुला कोण नको म्हणतंय? पण कागदोपत्री घरातला माणूस असलेला बरा. काही झालं तर बोलायला मी आहे ना."

पहिल्या दिवशी साहेब स्वतःच बसले गाडीत, ऐटीत. डाव्या स्टिअरिंगची गाडी. दर वेळी गिअर शोधायला हात दाराकडे जायचा. बाहेर आले तेव्हा घामाघूम झाले होते. तिसरी श्रेणी. शेवटची एक संधी उरली होती. टपरीवर चहा पिताना बोडके नावाचा एजंट जवळ सरकला आणि साहेबांना म्हणाला, "वहिनींना बसवा ना साहेब. हात त्यांचा, नाव तुमचं. आमच्याकडे रोज चार जोडपी असंच करतात."

"आणि पकडलं म्हणजे?"

"कोण पकडतंय? सगळी मदार हातावर. चेहरा बघायचं त्यांनी केव्हाच सोडलंय, आणि नवी फेरी घेताना जुनी नोंद पुसतात."

आणि खरंच तसं झालं. मी स्टिअरिंगमागे, साहेब शेजारी. फाटकावरच्या माणसाने खिडकीतून पासपोर्ट घेतला, मान वर न करता विचारलं, "चालक कोण?" साहेब म्हणाले, "मी." त्याने यंत्राला पासपोर्ट लावला आणि दांडा वर गेला. सगळ्या फेऱ्यांत साहेबांच्या तोंडाचा पट्टा चालूच. "हळू. अगं हळू. माझी अब्रू आहे या फेरीवर." फेरी संपली आणि समोरच्या फलकावर अक्षरं आली: श्री. धनंजय खैरनार, पहिली श्रेणी, अभिनंदन.

साहेब खाली उतरले आणि फलकासमोर उभे राहिले. फोटो मी काढला. तो फोटो दुसऱ्या दिवशी क्लबात फ्रेम करून लागला. साहेबांनी तिथे पेढे वाटले, भाषण केलं, डोंगरातल्या रस्त्यावर मन कसं स्थिर ठेवायचं यावर. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. राग आला होता. म्हटलं, आपल्याला लेकीकडे जायचंय, फोटो लागला तर लागू दे.

ऑस्ट्रियात उतरलो आणि भाड्याची गाडी रस्त्याला लागली तशी गाडीतून मराठीत आवाज आला, "धनंजयजी, आपले स्वागत आहे." साहेब खूश. नंतर मी चांगलं चालवलं की तोच आवाज म्हणायचा, "धनंजयजी, आपले चालन उत्कृष्ट आहे." आणि साहेब मान डोलवायचे.

इरा ठरल्या दिवसाच्या फार आधी बाळंत झाली. ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, कोबीच्या लहान गड्ड्याएवढी. तिला ग्राझच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं आणि इराला घरी सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, पोरीला रोज काही तास आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. त्याने तिचा श्वास सुधारतो. हॉस्पिटलात आयांना राहायला असलेल्या खोल्या भरलेल्या, नंबर लावून ठेवलेला. इराला टाके, गाडी चालवायची मनाई. झालं, मी रोज इराला मागच्या सीटवर उशा लावून आडवं करायची आणि ग्राझला न्यायची. परवाना साहेबांचा म्हणून साहेब शेजारी हवेतच. परवानाधारक गाडीत नाही आणि त्याचा हात मात्र स्टिअरिंगवर, हे कुणी तपासलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं.

साहेब रोज येत होते हे खरं. पण कसं येत होते ते ऐका. निघताना कुरकुर, वाटेत सूचना, हॉस्पिटलात कॉफीला नावं, परतताना क्लबाचे फोन. मागे लेक कळ सोसत पडलीय आणि हे मला सांगतायत, "वळणाला आवळून धर जरा, श्रेणी खाली आणशील माझी."

एका दुपारी, जेवताना, ते म्हणाले, "मी परत जातोय. पुढच्या आठवड्यात पदग्रहण आहे."

इराने चमचा खाली ठेवला. मी विचारलं, "आणि परवाना?"

"परवान्याचं काय?"

"तुम्ही देश सोडलात की तो बंद होतो. पासपोर्टवर शिक्का पडला की तुमचा हात या रस्त्यांवर चालत नाही. मग इराला पोरीकडे कोण नेणार?"

"तू काढ की तुझ्या नावावर. तुला कुणी अडवलंय?"

हे बोलताना त्यांच्या तोंडावरची साधी रेघ हलली नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, ठीक आहे, काढते.

ग्राझच्या परवाना केंद्रात ग्रूबर नावाच्या बाई होत्या. कानाला यंत्र लावून बोलायच्या. त्या जर्मन बोलायच्या आणि यंत्रातून सरकारी पत्रासारखं मराठी यायचं. तपासणीचा रस्ता पार्किंगमधूनच सुरू व्हायचा. मी साहेबांना म्हटलं, उतरा. ते म्हणाले, "बाहेर थंडी केवढी आहे. बसतो मी इथेच, तुझं काय अडतंय?" बसले आणि नेहमीसारखे बोलत राहिले. मी फेरी पूर्ण केली. फलकावर आलं: श्री. धनंजय खैरनार, आपण आधीच नोंदलेले आहात.

ग्रूबरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, मग फलकाकडे. यंत्र म्हणालं, "महोदया, हा हात आपल्या पतींचा आहे."

मी म्हटलं, "तो माझाच आहे. त्यांच्या नावावर चुकून लागलाय."

"एका हाताला एकच नाव असते. नाव सोडवायचे असल्यास आपल्या पतींनी येथे समक्ष निवेदन द्यावे की हा हात त्यांचा नाही. त्यानंतर त्यांना आमच्या रस्त्यांवर कायमची बंदी येईल. आपल्याला दंड होईल, परंतु हात परत मिळेल. निवेदन न देता ते गेल्यावर आपण वाहन चालवल्यास ती हाताची चोरी मानली जाईल आणि आपल्याला देश सोडावा लागेल."

मी साहेबांकडे वळले. "द्या निवेदन."

"घरी जाऊन बोलू."

"इथेच बोला. तुम्हाला परत कधी इथे गाडी चालवायचीय? तुम्ही तर नाशकातही चालवत नाही."

"शर्वरी, लोकांसमोर तमाशा नको."

घरी आल्यावर तमाशा झालाच. मी म्हणाले, एक सही करा आणि मग खुशाल जा. ते म्हणाले, बायकोच्या हातावर पहिली श्रेणी घेतली असं लिहून दिलं तर उद्या सिन्नरच्या केंद्रात नाव लागेल, परवा क्लबात कळेल. मी म्हणाले, कळू दे. ते म्हणाले, "तुला काय जातंय म्हणायला? तोंड मला दाखवायचंय."

"मला माझ्या नातीचं तोंड बघायचंय. इराला रोज तिच्यापाशी पोचायचंय. तेवढं आणि तेवढंच मागतेय."

"बस आहे ना?"

"टाक्यांवर अर्धा दिवस जायचा आणि अर्धा दिवस यायचा बसमधून? तुमच्या आईला बसवलं असतंत असं?"

"आईला मध्ये आणू नकोस."

इरा दाराला धरून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, सही करा ना."

"तू आत जाऊन पड. आमच्यात पडू नकोस."

ती आत गेली. साहेबांनी माझ्याकडे पाठ केली आणि बॅग भरायला घेतली. शर्टांच्या घड्या मोडू नयेत म्हणून मध्ये कागद घालत होते. मी तिथेच उभी राहिले आणि त्यांना सांगितलं की मला तुमचा तिरस्कार वाटतो. इतक्या वर्षांत हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता. त्यांनी कागद सरळ केला आणि म्हणाले, "तुझं बीपी वाढलंय. गोळी घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली एकुलती एक टॅक्सी दारात आली. साहेबांनी ती थेट व्हिएन्नाच्या विमानतळापर्यंत ठरवली होती. टॅक्सीवाला म्हणाला, तिकडे त्याची बहीण आहे, तो रविवारीच परत येईल. साहेब इराच्या डोक्यावर हात ठेवून, मला "काळजी घे" म्हणून गेले. संध्याकाळी मोबाइलवर सूचना आली की परवानाधारकाने देश सोडला आहे, परवाना बंद.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी इराला बससाठी तयार करत होते. तिचा एक टाका सुजला होता, स्वेटर घालतानाही तिच्या डोळ्यात पाणी येत होतं. तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला. पोर श्वास मध्येच सोडून देतेय. यंत्रावर घेतलंय, पण आईला शक्य तितक्या लवकर आणा, आईची छाती लागली की ती सावरते, असा आधीचा अनुभव आहे. अँब्युलन्स? आई आजारी नाही, तिच्यासाठी अँब्युलन्स पाठवता येत नाही. शेजारचे म्हातारा-म्हातारी गाडी चालवत नाहीत. तारा नसलेला घाटातला जुना रस्ता बर्फाने बंद.

इरा म्हणाली, "मी चालवते. माझा परवाना आहे."

"टाके फुटतील वेडे."

"मग?"

मी किल्ली घेतली. इरा म्हणाली, "आई, तुला बाहेर काढतील. परत कधी येऊ देणार नाहीत."

"काढू देत. परवाना तपासणाऱ्या पहिल्या कमानीपाशी अडवतील तोवर निम्म्या वाटेत तर पोचू. पुढे पोलीसच नेतील तुला हॉस्पिटलात, मी त्यांच्या पाया पडेन."

मला दुसरं काही सुचत नव्हतं. इराला मागे झोपवलं, उशा लावल्या आणि निघाले. गावाचा रस्ता संपला, मोठा रस्ता लागला. गाडीतल्या आवाजाची मी वाट बघत होते. तो आला नाही. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर इराने पोरीसाठी काढलेल्या दुधाची पिशवी ठेवलेली. समोर एक लांबलचक ट्रक होता, तो मी मागे टाकला, आणि मागे टाकल्यावर लक्षात आलं की टाकला. हाताला घाम नव्हता.  मागून इराचा श्वास ऐकू येत होता, कळ आली की ती ओठ दाबून 'सं' करायची.

बोगद्याच्या आधी कमान आली. तिच्यावर आमच्या गाडीचा नंबर उमटला आणि गाडी बोलली, "अनोळखी चालक. या हाताची नोंद नाही. हे आपले पहिले उल्लंघन असल्याने आपल्याला आज सायंकाळपर्यंत मुदत आहे. ग्राझ येथील केंद्रात नोंदणी करावी. आपला प्रवास सुखाचा होवो."

इरा मागून म्हणाली, "अनोळखी कसा काय?"

"काय माहीत. यंत्र बिघडलं असेल. बोलू नकोस, ते सुधारेल."

 पुढच्या प्रत्येक कमानीने तेच सांगितलं. अनोळखी चालक, अनोळखी हात. कुणी अडवलं नाही. हॉस्पिटलात नर्स खुर्ची घेऊन दारातच उभी होती. इराला आत नेलं, पोरीला नळ्यांसकट तिच्या छातीवर ठेवलं, वरून दुलई घातली. मी काचेच्या बाहेरून बघत होते. पडद्यावरचा आकडा कितीतरी वेळ खालीच होता. मग हळूहळू वर आला आणि वरच राहिला. नर्सने माझ्याकडे बघून मान हलवली, तेव्हा मी खाली बसले. 

दुपारी केंद्रात गेले. मला वाटलं होतं, आता तिथे सगळं उलगडेल आणि माझी पाठवणी होईल. ग्रूबरबाईंनी मला एकटीला फेरी मारायला लावली. नंतर त्यांनी स्वतःच्या हाताने तपासणीचं यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं आणि मला आणखी एका फेरीला पाठवलं. दोन्ही वेळा फलकावर तेच: नोंद नाही.

मग त्यांनी मला आत बोलावलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेघा काढल्या. वरची जुनी, साहेबांच्या नावाची. खालची आजची.

"महोदया, वरच्या हातात पाहावे. समोर काही नसताना पाय ब्रेककडे जातो आणि परत येतो. पुन्हा जातो, पुन्हा येतो. वळण येण्याच्या कितीतरी आधी स्टिअरिंग थरथरते. जणू चालकाला कोठून तरी आवाज येणार आहे आणि तो त्याची वाट पाहत आहे."

खालच्या रेघेत तसलं काही नव्हतं.

मी विचारलं, "पण तुम्ही तर म्हणता थकवा, राग, घाई सगळं वजा करता. मग हे का नाही वजा झालं?"

बाईंनी वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "राग येतो आणि जातो, म्हणून तो यंत्राला वेगळा काढता येतो. ही गोष्ट पूर्ण फेरीत एक क्षणही गेलेली नाही. नंतरच्या रोजच्या प्रवासातही नाही. जे कधीच जात नाही त्याला यंत्र स्वभाव समजते." त्यांनी कानातलं यंत्र काढलं, हातात फिरवलं आणि परत लावलं. "त्या वेळी आपल्या शेजारी कोण बसलेले असते?"

 उत्तराची त्यांना गरज नव्हती, त्यांनी साहेबांना पाहिलं होतं.

मला रडू यायला हवं होतं, लोकांना तसंच वाटेल. मला संताप आला, असा की समोरचं टेबल उलथून टाकावं. धुळ्यापासून, जळगावपासून मी ज्याला माझं चालवणं समजत होते ते माझं नव्हतंच. त्या माणसाच्या बडबडीच्या आधीच पाय ब्रेककडे न्यायचा, म्हणजे तो बोलणार नाही, एवढंच मी शिकले होते. आणि ते इतकं मुरलं होतं की काचेच्या तारेलाही वाटलं, ही बाई अशीच आहे.

"माझी श्रेणी काय?" मी विचारलं.

"दुसरी. हा हात थोडा वेगाचा आहे. पुढच्या गाडीपासून अंतर कमी ठेवतो."

"आणि वरच्या हाताला पहिली का?"

"यंत्राला तो अतिशय सावध वाटला."

म्हणजे घाबरलेली बाई रस्त्याला जास्त पसंत पडली होती, आणि तेवढ्यावर साहेबांनी क्लबात पेढे वाटले होते. मी ग्रूबरबाईंना हे तसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मी हे वर कळवीन.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब. सकाळीच मुंबईला उतरले होते, आता नाशकात पोचले होते. "इराने मेसेज केलाय, तू गाडी घेऊन गेलीस म्हणून. कुणाच्या परवान्यावर गेलीस?"

"कुणाच्याच नाही."

"माझ्या नावावर काही आलं तर लक्षात ठेव. परवा पदग्रहण आहे. आत्ता असलं काही बाहेर पडलं तर मी..."

"पोर जगली," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगते." आणि फोन बंद केला.

ग्रूबरबाईंनी माझ्या नावाचा परवाना समोर ठेवला. नाव नीट छापलं होतं, शर्वरी, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, पासपोर्टवर मी बदललं नव्हतं तसं. मग त्यांनी जुनी रेघ पुन्हा पडद्यावर आणली. यंत्र म्हणालं, "महोदया, या जुन्या हाताबद्दल आपल्याला तक्रार द्यायची आहे काय? दोन्ही रेघा समोर असल्याने आता पतींच्या निवेदनाची गरज नाही; आपण तक्रार दिल्यास आम्ही तो त्यांच्या नावावरून काढून आपल्या नावावर लावू."

मी त्या रेघेकडे बघितलं. एखाद्याचा जीव टांगणीला लागावा तशी थरथरत पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. तक्रार दिली असती तर साहेबांचा फोटो उद्याच भिंतीवरून उतरला असता, आणि मला ते हवंही होतं. पण तो हात काढून घेतला की तो माझ्या नावावर येणार, हेही कळलं.

"नको," मी म्हणाले. "तो त्यांच्याच नावावर असू दे. केलाय त्यांनीच."

यंत्राने त्याचं जर्मन काय केलं कोण जाणे, पण ग्रूबरबाईंनी पडदा बंद केला. मी दुसऱ्या श्रेणीचे पैसे भरले आणि इराला आणायला निघाले.